पाठीतली सुई आणि माझा डावा पाय

पाठीत इंजेक्शन घ्यायला निघालेल्या माणसाला भीती घालावी म्हणून मी हे लिहीत नाही. तसलं इंजेक्शन पुष्कळ लोक घेतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. माझा मेव्हणा विनायक अमरावतीला वकिली करतो. त्यानं घेतलं, त्याला गुण आला, आणि आता तो माझ्यासमोर धडाधडा जिना चढतो. मला त्याचा राग येतो. येऊ नये हे कळतं, तरी येतो. लिहायचं तर खरं लिहावं, म्हणून हे पहिल्यांदाच सांगून टाकलं.

मी अकोल्याचा. जुन्या शहरात घर आणि घरात तीन पिढ्यांची भिक्षुकी. आमच्या वऱ्हाडात भिक्षुकाला महाराज म्हणतात, पण या महाराजाचं सगळं राज्य त्याच्या मांडीवर. सकाळी मांडी घातली की दुपारी मोडायची. लग्न, मुंज, वास्तुशांत, सत्यनारायण, सगळं बसून. पन्नाशी उलटली तशी कंबर कुरकुरू लागली. तेलं झाली, लेप झाले, शेकून शेकून पाठीची कातडी काळी पडली. शेवटी बायको, सुधा, म्हणाली, "आता डॉक्टरले दाखवा, नाही तर पंचांग गुंडाळून ठेवा."

ज्या डॉक्टरांकडे गेलो ते आमचे यजमान. त्यांची मुंज माझ्या वडिलांनी लावली होती. त्यांच्या दवाखान्याची वास्तुशांत मी केली होती. त्यांचे वडील, अण्णा, गेल्यापासून दर पितृपक्षात त्यांचं श्राद्ध मीच सांगत आलो होतो. एवढं सगळं असताना दुसऱ्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे यजमानाचा अपमानच झाला असता. निदान मला तसं वाटायचं.

त्यांनी तपासलं, फोटो पाहिले आणि म्हणाले, मणक्याची गादी सरकली आहे, एक इंजेक्शन देऊन पाहू.

मान

त्या दिवशी दवाखान्यात जत्रा होती. मणक्यात सुई कुठवर गेली ते पडद्यावर दाखवणारं एक यंत्र असतं. ते ज्या खोलीत होतं तिथे कुणाच्या तरी मोडलेल्या मांडीचं ऑपरेशन चाललं होतं. पाठीच्या इंजेक्शनचे आणखी लोक बाकावर बसले होते. मी आणि सुधाही जाऊन बसलो.

डॉक्टर स्वतः बाहेर आले. साऱ्या रांगेदेखत वाकून पाया पडले. "महाराज, तुमाले कोण लायनीत बसवते? चला आत."

माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. सुधा म्हणाली, "थांबतो ना आमी. काय घाई आहे?"

"वहिनी, घरच्या माणसाले काय तिष्ठत ठेवायचं? मशीन नसली तरी माझा हात बसला आहे."

असं म्हणून त्यांनी मला ड्रेसिंगच्या लहान खोलीत नेलं. बाकावर जे उरले, ते आपापल्या पाळीनं यंत्राच्या खोलीत गेले असतील आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेले असतील. माझा मान मला नडला. आमच्याकडे डॉक्टर, मास्तर, महाराज यांना रांगेत उभं करणं वाईट दिसतं. माझं ऐकाल तर दवाखान्यात तरी रांगेतच बसा. घरचे होऊ नका.

सुई आत गेली आणि डाव्या कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत करंट गेला. मी ओरडलो. पाय आपोआप झटकला गेला. "झालं महाराज, थोडंसंच राहिलं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी औषध सोडलं. असा झटका आला की थांबायचं असतं, सुई मागे घ्यायची असते, हे मला पुढे कळलं. त्या वेळी एवढंच ठाऊक होतं की डॉक्टर आपले आहेत.

भूल उतरेल

दोन्ही पाय बधिर झाले. औषधात भूलही होती, ते होणारच होतं म्हणे. संध्याकाळपर्यंत उजवा जागा झाला. डावा झाला नाही. लघवीही होईना. पोट नगाऱ्यासारखं ताठलं तेव्हा नळी घातली.

सुधा दर थोड्या वेळानं माझ्या डाव्या पायाला चिमटा काढायची. "लागते का?"

"नाही."

"आता?"

"नाही म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पोटरीवर काळेनिळे वळ होते. बिचारीनं किती जोरानं चिमटे काढले असतील. मला एकही कळला नव्हता.

डॉक्टरांबद्दल खोटं लिहिणार नाही. ते पुन्हा पुन्हा येऊन बघून गेले. जेवायला घरी गेले नाहीत. पण दर वेळी एकच बोलले, "सूज आहे महाराज, उतरून जाईन." दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात न्यावं, मणक्याचं एमआरआय करावं, हे त्यांच्या तोंडून निघालं नाही. आता वाटतं की ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. घाबरलेल्या माणसाला उशीर झालेला दिसत नाही.

शेवटी सुधानंच भावाला फोन केला. विनायक गाडी घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, "तुमी घाई करून राहिले." विनायकनं वकिली केली नाही, वाद घातला नाही. मला उचललं, मागच्या सीटवर आडवं केलं आणि गाडी अमरावतीच्या रस्त्याला घातली.

अमरावती

तिथले डॉक्टर तरुण होते आणि सरळ बोलणारे होते. एमआरआय पाहून त्यांनी माझ्याच खाटेवर बसून सांगितलं, "नसांना इजा झाली आहे. पाय किती परत येईल ते आज सांगता येत नाही. लघवी-शौचाचंही सांगता येत नाही. काही येईल, काही कदाचित येणार नाही."

सुधानं विचारलं, "कायनं झाली इजा?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग विनायककडे. "तुम्ही वकील ना?" आणि मग म्हणाले, "मी उपचाराचं बघतो."

विनायक बाहेर गेल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "जरा लवकर आणायला हवं होतं तुम्हाला." हे त्यांनी लिहून कधीच दिलं नाही. विनायकनं मागितलं तर नुसते हसले. अकोल्याचे डॉक्टर त्यांच्याकडे रुग्ण पाठवतात. त्यांना याच मुलखात राहायचं आहे. मी समजू शकतो, पण समजल्यानं माझा पाय हलत नाही.

वॉर्डातली पहिली सकाळ मी विसरणार नाही. चादर खराब झाली होती आणि मला कळलंच नव्हतं. मी सोवळ्याचा माणूस. आंघोळ केल्याशिवाय पाण्याच्या भांड्याला हात न लावणारा. वॉर्डातल्या मामांनी काही न बोलता मला कुशीवर वळवलं, पुसलं, कोरडं केलं, नवी चादर घातली आणि म्हणाले, "झालं बाबा, चहा घ्या." मी रडलो, मोठ्यानं रडलो. ते तिथेच उभे राहिले, माझं रडणं होईपर्यंत.

शेजारच्या खाटेवर अचलपूरचे रामभाऊ होते. भाजीचा मळा, विहिरीच्या काठावरून पडून कंबर मोडलेली. एकदा त्यांनी विचारलं, "महाराज, तुमचा देव काय म्हणते?"

"काही म्हणत नाही."

"मंग आपणच बोलू."

आणि ते वांग्यांबद्दल बोलू लागले. रोपाला पाणी कधी द्यायचं, कीड कुठून शिरते, भरताचं वांगं हातात घेतल्यावर कसं ओळखायचं. मी एरवी असल्या गोष्टी ऐकल्या नसत्या. तिथे ऐकताना दुपार निघून जायची. धीर देणारे पुष्कळ येत. येताना फळं आणत आणि जाताना "सगळं ठीक होईल" म्हणत. रामभाऊंनी तसं एकदाही म्हटलं नाही, म्हणून ते मला आवडायचे.

घर

व्यायाम शिकलो. पाऊल लोंबतं, म्हणून पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लॅस्टिकचा साचा बांधायला शिकलो. लघवीसाठी बारीक नळी आपल्या हातानं घालायला शिकलो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं नर्सबाई म्हणायच्या. लाज वाटते. पण सवयही होते, आणि बाहेर जाता येतं हे काही थोडं नाही. ज्यांच्यावर ही वेळ आली असेल त्यांना सांगतो, ते शिकून घ्या, टाळू नका.

आता काठी घेऊन चालतो. बसलो की डावा पाय हातांनी उचलून ठेवावा लागतो, जिथे ठेवला तिथेच राहतो. मांडी गेली. मांडी गेली तशी यजमानांची बोलावणीही हळूहळू गेली. कुणी वाईट बोललं नाही. "महाराज, तुमाले तरास नको," एवढंच म्हणाले. श्राद्धात पितरांच्या जागी दोन ब्राह्मण जेवायला बसवतात, त्यात अंगानं अधू माणूस चालत नाही असा जुना नियम आहे. हा नियम मला कुणी ऐकवला नाही. मला तो पाठच आहे.

सुधाचं काय झालं ते लिहायला हवं, कारण आजाऱ्याचंच सगळे विचारतात. ती वाळली. एकदा चहा थंड दिला म्हणून मी तिच्यावर खेकसलो. ती कप खाली ठेवून म्हणाली, "मी काय फक्त तुमची नळी धुवायले राहिली का या घरात?" ती ओट्यावर जाऊन बसली आणि शेजारणीशी कुरड्यांबद्दल बोलत राहिली, अंधार पडेपर्यंत. त्यानंतर रोज संध्याकाळी ती ओट्यावर बसते आणि तेवढा वेळ मी तिला हाक मारत नाही. आमच्या संसाराला आजारपणानं लावलेली ही एक चांगली शिस्त.

एक वाक्य

विनायकनं कायद्याचं समजावलं. ग्राहक आयोगात दावा करता येतो. दोन वर्षांच्या आत करावा लागतो. डॉक्टरांनी माझ्याकडून फी घेतली नव्हती, तरी बाकीच्यांकडून ते घेतात, त्यामुळे मला ग्राहक म्हणून उभं राहता येतं. अडचण एकच, दुसऱ्या डॉक्टरचं मत लागेल. अमरावतीत कुणी देईना, अकोल्यात तर विचारायलाच नको. ते त्यानं लांबच्या गावाहून मिळवलं, आणि आधी नोटीस पाठवली.

उत्तर आलं. आजार जुनाच होता, इंजेक्शनशी त्याचा संबंध नाही, योग्य ती सर्व काळजी घेतली होती. वकिलाची भाषा होती, खाली डॉक्टरांची सही होती. मी ते वाचलं आणि मला ताप भरला.

पैसे नकोत असं मी म्हणणार नाही, साचे झिजतात आणि नळ्या विकत आणाव्या लागतात. पण मला खरं हवं होतं ते एक वाक्य. महाराज, माझ्या हातून झालं. एवढं ते म्हणाले असते तर मी नोटीस फाडून टाकली असती. विनायकला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊजी, डॉक्टरायचा विमा असते, ते विमेवाले त्यांले असं बोलू देत नाहीत. अन् मुदत कोणासाठी थांबत नाही."

"मी थांबतो," मी म्हटलं.

पक्ष

पक्ष सुरू झाला आणि एक दिवस दारात ऑटो थांबला. डॉक्टरांची आई, काकू, उतरल्या. गुडघे धरून पायऱ्या चढल्या आणि पाणीही न घेता म्हणाल्या, "महाराज, तुमचं अन् त्याचं जे आहे ते राहू द्या. पित्तराले काहून उपाशी ठेवता?"

"काकू, मी आता पितरांच्या पानावर बसू शकत नाही."

"पानावर नका बसू. खुर्चीवर बसून मंत्र सांगा. अण्णाले तुमचाच आवाज ओळखीचा आहे."

मी हो म्हटलं. सुधा भडकली. "जाऊन राहिले? त्याच्या घरी?" मी म्हटलं, श्राद्ध अण्णांचं आहे. पण मनात दुसरंच होतं. मनात होतं की समोरासमोर बसल्यावर तो बोलेल. सुधानं साचा बांधला तो इतका घट्ट की तिच्या बोटांवर पट्ट्याचे वळ उठले.

डॉक्टरांच्या घरी साचा उंबऱ्याबाहेर काढून ठेवला, कारण तो पायताणासारखाच. खुर्चीवर बसलो, डावा पाय हातांनी उचलून सरळ केला. डॉक्टर सोवळं नेसून समोर पाटावर बसले. केस पिकले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पितरांच्या जागेवर बसायला आलेले दोन ब्राह्मण माझे ओळखीचे होते. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून बसल्या होत्या.

श्राद्धाच्या आरंभी यजमान त्या दोघांचे पाय धुतो. मी मंत्र सांगितले, डॉक्टरांनी दोघांचे पाय धुतले, पुसले. आता त्यांनी परत पाटावर बसायचं होतं. ते बसले नाहीत. तांब्या-तबक घेऊन गुडघ्यांवर सरकत माझ्या खुर्चीपाशी आले. विधीत असं काही नाही. मंत्र सांगणाऱ्याचे पाय धुवायचे नसतात.

मी उजवा पाय मागे ओढला. डावा ओढता आला नाही.

त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. पाणी घातलं. थंड होतं की कोमट, मला कळलं नाही. टाच धुतली, बोटं धुतली. मग त्यांचा अंगठा माझ्या तळव्यावरून टाचेकडून वर ओढत गेला, डॉक्टर लोक ओढतात तसा. ते तपासत होते की माफी मागत होते, मला सांगता येणार नाही. त्यांना स्वतःला तरी कळलं असेल का, कोण जाणे. बोटं हलली नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

मी वाट पाहिली. दोन्ही ब्राह्मण खाली मान घालून बसले होते. घरात कुकरसुद्धा वाजत नव्हता. मला वाटलं, आता. इतक्या महिन्यांत मी देवाकडे पाय मागितला नव्हता, हे एवढंच मागितलं होतं.

काकू दारातून म्हणाल्या, "सांग ना रे त्यायले."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. ओठ हलले. मग त्यांनी माझा पाय जपून खाली ठेवला, पंच्यानं पुसला, मागे सरकून पाटावर बसले आणि म्हणाले, "पुढचा मंत्र, महाराज."

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या.

मी पुढचा मंत्र सांगितला. त्याच्या पुढचाही सांगितला. अण्णा माणूस चांगले होते, त्यांचं काही चुकलं नव्हतं. एकही अक्षर न गाळता सगळं श्राद्ध पुरं केलं, पिंड झाले, ब्राह्मण जेवले. डॉक्टरांनी गाडी काढायला लावली, मी नको म्हटलं आणि ऑटोनं निघालो.

घरी आलो तेव्हा सुधा ओट्यावर होती. तिनं विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही. पाय धुतला."

ती माझ्या पायाकडे बघत राहिली. मग उठून ऑटोवाल्याकडून काठी घेतली, आणि आत येईपर्यंत माझं मनगट तिनं सोडलं नाही.

मी विनायकला फोन लावला. दावा टाक म्हटलं.

त्यालाही ते घर ठाऊक होतं. म्हणाला, "भाऊजी, पक्कं ना? मागून दया येईन तुमाले."

"दया आताच येऊन राहिली," मी म्हटलं. "तरी टाक."